मोठ्या बाजाची जागा

लग्नाच्या मिरवणुकीत मोठा बाजा वाजवणाऱ्या माणसाला कोणी पाहत नाही. लोक बाजा पाहतात. त्याच्या वेटोळ्यात एक माणूस अडकलेला आहे हे त्यांच्या ध्यानात येते ते तो बाजा खाली ठेवून पंगतीला बसतो तेव्हा, आणि तेव्हाही हा कोण बसला, असाच चेहरा असतो. मी हे काम पुष्कळ वर्षे केले. तुळशीचे लग्न झाले की पाऊस तोंडाशी येईपर्यंत मी कर्जतच्या बँडात मोठा बाजा फुंकत असे आणि पावसाळाभर तिथल्याच वाचनालयाची कपाटे उघडत आणि बंद करत असे. दोन्हीकडे लोक माझ्याशी न बोलता पुढे जात, त्यामुळे दोन नोकऱ्यांना एकच स्वभाव पुरला. दिवाळी अंकासाठी बँडातल्या आठवणी लिहून द्या असा निरोप आला तेव्हा मला प्रथम वाटले, तो क्लॅरिनेटवाल्यासाठी असावा.

ज्यांनी हे वाद्य जवळून पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. साहेबांच्या भाषेत त्याला अनेक नावे आहेत. आकार बदलला की नाव बदलते, आणि विकणारा बदलला तरी बदलते. आम्ही मोठा बाजा म्हणत असू. डोंगरावरचे पाणी नळांतून उतरवून खोपोलीला वीज होऊ लागली, तेव्हापासून त्या बाजूची मंडळी आमच्या बाजालाही नळ म्हणू लागली. "नळवाला आला का रं?" अशी चौकशी मी मांडवात शिरण्यापूर्वी माझ्या कानावर येई.

हा नळ म्हणजे पितळेची एक लांबच लांब नळी. एका टोकाला निमुळती, दुसऱ्या टोकाला घंगाळाएवढी रुंद. सरळ ठेवली तर शेजाऱ्याच्या घरात जाईल, म्हणून गुंडाळलेली. मध्ये तीन दट्टे. दट्ट्या दाबला की हवेला लांबच्या वाटेने जावे लागते आणि सूर खाली उतरतो. आवाज पितळ काढत नाही, ओठ काढतात. निमुळत्या टोकाला एक वाटी बसवलेली असते. तिच्यात मिटलेले ओठ ठेवायचे आणि घोडा फुरफुरतो तसे फुरफुरायचे. एवढ्याने काम भागते, पण एक अडचण राहते. लांब नळीतली हवा आळशी असते. ती हलायला वेळ घेते. म्हणून सूर जिथे पडायला हवा त्याच्या किंचित आधी फुंकावे लागते. मला हे जमायला एक अख्खा हंगाम गेला. तोवर माझा प्रत्येक सूर पाहुणे जेवून गेल्यावर येणाऱ्या नातेवाइकासारखा येत असे.

आत साठणारे पाणी ही दुसरी अडचण. ती थुंकी नव्हे, श्वासाची वाफ असते. थंड पितळेला लागून तिचे पाणी होते आणि अधूनमधून बाजा उलटा करून ते सांडावे लागते. कर्जतच्या एका वकिलांच्या दारी मी हे शास्त्र समजावून सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले, पटल्याचे सांगितले आणि नंतर तेवढी जागा शेणाने सारवून घेतली.

याच वकिलांनी वाचनालयाला इंग्रजी ज्ञानकोशाचा जुना संच दिला होता. तो मी वाचत असे आणि पाने खाणारी कसर वाचत असे. त्यात मला आमच्या बाजाची वंशावळ सापडली. पूर्वी फ्रान्सातल्या चर्चमध्ये गाणाऱ्यांना खालचा सूर देण्यासाठी लाकडाचे, कातड्याने मढवलेले, नागमोडी वाद्य असे. त्याचे नावच साप. पुढे पितळेचे एक निघाले. त्याच्या अंगभर भोके आणि भोकांवर झाकणे. मग जर्मनांनी दट्टे बसवले आणि आजचा बाजा जन्माला आला. म्हणजे खालचा सूर मोठ्याने कसा काढावा, या एका प्रश्नावर युरोपातली माणसे कित्येक पिढ्या डोके खाजवत होती. वरचा सूर मोठ्याने काढायला कोणत्याच काळात कोणाला अडचण पडलेली दिसत नाही.

ते झाकणांचे वाद्य मी डोळ्यांनी पाहिले आहे. आमच्या सखाराम मास्तरांनी ते लष्कराच्या लिलावात, ढिगाबरोबर आले म्हणून, घेतले होते. झाकणांखालचे कातडे झुरळांनी खाल्ले होते. फुंकले की सगळ्या भोकांतून सुस्कारे येत आणि सूर एकही नाही. शेवटी ते तांबटाला दिले. त्याने त्याचा बंब केला असेल तर कर्जतच्या कुठल्या तरी न्हाणीत आजही इतिहासावर पाणी तापत असेल.

सखाराम मास्तर हे बँडाचे मालक, गुरू आणि कॉर्नेट. मूळचे शेलूचे. पलटणीच्या बँडात कॉर्नेट वाजवून, जर्मन लढाई संपल्यावर घरी आले आणि येताना लिलावातली वाद्ये आणि लाल कोट घेऊन आले. बँडाच्या नावात 'रॉयल' होते. त्या काळी ते सोड्याच्या बाटलीवरही असे. कॉर्नेट हे फुंकायच्या पितळी वाद्यांत सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत मानाचे. गाण्याची चाल तेच वाजवते. मिरवणुकीत मास्तर सर्वांत पुढे, त्यांच्या मागे त्यांचा भाचा बाबू दुसरी कॉर्नेट घेऊन, मग क्लॅरिनेट, मग मधल्या सुरांची दोघे-तिघे मंडळी, मग मी, आणि माझ्या खांद्याला लागून ढोलवाला जानू. जानू डोंगराखालच्या ठाकूरवाडीचा. आमच्या मागे फक्त धूळ असे.

आमच्या धंद्यात एक रीत आहे, ती बाहेरच्यांना माहीत नसते. बँडवाल्याची नोकरी त्याच्या दातांवर चालते. कॉर्नेटची वाटी अंगठ्याच्या नखाएवढी. ती पुढच्या दोन दातांवर दाबून धरावी लागते, आणि वरचा सूर काढताना तर चांगलीच दाबावी लागते. दात हलायला लागले की माणूस त्याहून मोठ्या वाटीच्या वाद्यावर उतरतो. आणखी हलले की आणखी मोठ्या. शेवटची पायरी मोठा बाजा. त्याची वाटी कुंकवाच्या करंड्याएवढी; तिचा काठ दातांच्या पलीकडे गालावर टेकतो आणि तिला जोर नको असतो, हवा हवी असते. तेव्हा प्रत्येक मोठ्या बाजात एक म्हातारी कॉर्नेट बसलेली असते असे समजायला हरकत नाही. मी मात्र पायऱ्या उतरत आलो नाही. लहानपणी चिंचेवरून पडून माझा वरचा दात गेला होता. मास्तरांनी पहिल्या दिवशी, बाजारात बैल बघतात तसे, माझ्या तोंडात डोकावून पाहिले आणि माझा हुद्दा तिथेच ठरवला.

पुढे त्यांच्यावरच ती पाळी आली. प्रथम ते वरचे सूर टाळू लागले. चाल उंच चढायची वेळ आली की, "आता क्लॅरिनेटला गाऊ द्या," म्हणत आणि कॉर्नेट खाली घेऊन वराच्या बापाकडे पाहून हसत. मग शेलूलाच, त्यांच्या स्वतःच्या गावी, एका लग्नात वाजवता वाजवता दात निघून आला. मास्तरांनी तो लाल कोटाच्या खिशात टाकला आणि उरलेली चाल तोंडाच्या कडेने पूर्ण केली. बाबूच्या आणि माझ्या खेरीज हे कोणाला कळले नाही. बाकीचेही दात फार दिवस थांबले नाहीत.

मास्तर मुंबईला जाऊन कवळी करून आले. सकाळी अंगणात आम्हां सगळ्यांना बसवून त्यांनी कॉर्नेट तोंडाला लावली. पहिला सूर आला. दुसऱ्याला आत काहीतरी खटकन वाजले. तिसऱ्याला कवळी वाटीवर येऊन बसली आणि सूर आतच राहिला. कोणी हसले नाही. मास्तरांनी कवळी काढली, तांब्यातल्या पाण्याने धुतली, रुमालात गुंडाळली.

"सरकारी नोकर हायत हे दात," ते म्हणाले. "जागेवर बसतात, काम नाय करत."

तेव्हा सगळे हसले. मास्तरही हसले, पण कॉर्नेट त्यांनी परत तोंडाला लावली नाही.

आता त्यांच्यापुढे दोनच वाटा होत्या: मोठा बाजा, नाही तर घराचा ओटा. लिलावातला दुसरा मोठा बाजा त्यांच्या घरात पोचे पडून टांगलेला होता. मी विषय काढला.

"मास्तर, तो बाजा तांबटाकडून ठीक करून घेऊ. दोन मोठे बाजे असले तर बँडाला वजन येईल."

"बँडाला कशाला वजन? बँड काय तागडीत घालायचाय?"

"तुम्हांला बसून राहवणार नाही म्हणून म्हणतो."

"नारायण, पलटणीत मी पुढं चालायचो. माज्यापुढं फक्त कर्नलचा घोडा. आता जानूच्या ढोलाखाली चालू?"

"मी चालतोच की."

"तू चालशील रं. तुजा काय, डोक्यात पुस्तक चालू असतं. तुला पुढं काय नि मागं काय."

हे इतके बरोबर होते की मी विषय सोडून दिला. मास्तरांनी बँड बाबूच्या हवाली केला आणि ओट्यावर बसले.

बाबूचा हात चांगला होता, पण त्याला घाई फार. मास्तर असताना ती घाई कोणाला दिसली नव्हती. आता ती ऐकू येऊ लागली, आणि गावातून आमची मिरवणूक गेली की मास्तर ओट्यावरून उठून आत जात.

पाऊस लागला आणि एक दिवस त्यांची बायको वाचनालयात आली. तिला आम्ही सगळे, बाबूच्या नात्याने, मामी म्हणत असू. वाचनालयात बाईमाणूस येण्याची रीत नव्हती. बसलेल्या मंडळींनी वर्तमानपत्रे डोळ्यांपुढे धरली. एकाने उलटे धरले होते.

"नारायणा, ह्यांना कुठंतरी घेऊन जा रं," मामी दारातूनच म्हणाली. "माजा जीव खाल्ला घरात बसून. भाकरी थापते तर म्हणतात, टेम चुकतोय. कांडायला बसले तर म्हणतात, मुसळ उशिरा पडतंय."

"काही वाजवतात का घरी?"

"नाय रं. रोज कॉर्नेट पुसतात. चिंच लावून, राख लावून, लखलखीत करतात नि परत गुंडाळून ठेवतात." तिने दाराच्या चौकटीला हात टेकला. "आमच्या सासऱ्यांचं असंच झालं होतं. बसले ते बसले. मग उठलेच नाय. मी भांडण सोसंन, पर बसलेला माणूस नाय सोसायचा मला."

मी तिला, बघतो, म्हणालो. काय बघणार होतो ते मला ठाऊक नव्हते.

वाट निघाली ती रावसाहेबांमुळे. हे खालापूरकडचे जंगलाचे कंत्राटदार. रावसाहेब ही पदवी त्यांना अजून सरकारने दिली नव्हती. पण मिळेल तेव्हा धांदल नको म्हणून लोक आधीपासूनच त्यांना तसे म्हणत. मुलाच्या लग्नासाठी बँड ठरवायला ते स्वतः मास्तरांच्या ओट्यावर आले. मी आणि बाबू तिथेच होतो. त्यांनी वाद्ये बाहेर काढायला लावली आणि लाकडाचे ओंडके बघावेत तशी फिरून बघितली.

"सगळ्यांत मोठा कोणता?"

"हा," मी म्हणालो.

"हा पुढे पाहिजे. घोड्याच्या पुढे. आणि असे दोन पाहिजेत. मुंबईला एका शेटच्या लग्नात मी दोन पाहिले."

"साहेब, तो मागं असतो," बाबू म्हणाला.

"का?"

बाबूने माझ्याकडे पाहिले. मोठा बाजा मागे का असतो हे आम्हांला कोणी कधी विचारले नव्हते. पलटणीत तसे होते म्हणून इथे तसे होते.

"मोठी वस्तू मागेच ठेवायची तर मोठी घ्यायची कशाला?" रावसाहेब म्हणाले. "हत्ती आणला असता तर तो काय मागे चालवला असता?"

मुद्दा बिनतोड होता. जगातल्या पुष्कळ मिरवणुका याच मुद्द्यावर चालतात असे मला इतिहासाच्या पुस्तकांवरून वाटते.

"दोन हायत," मास्तर म्हणाले. "पर वाजवणारा एकच हाय."

"तुम्ही आहात की. मी बँड ठरवतोय तो मास्तरांचा. भाच्याचा नाही."

मास्तर ओट्यावरून उठून उभे राहिले. मग म्हणाले, "पुढं म्हणताय? घोड्याच्या पुढं?"

"सगळ्यांच्या पुढे. पुण्याहून फोटोग्राफर येतोय. पहिला फोटो तुमचा."

आतून भाकरीची थाप थांबलेली मला ऐकू आली.

"बघू," मास्तर म्हणाले.

तांबटाने बाजाचे पोचे काढले. दुसऱ्या दिवसापासून मास्तर आणि मी सकाळी उल्हासच्या काठी जाऊन बसू लागलो. पहिला सूर त्यांनी काढला तेव्हा पाण्यात बसलेल्या म्हशींनी एकदम माना वर केल्या आणि मालकाचा शोध घेतला. वाटी मोठी असल्याने दातांवाचून काही अडत नव्हते. अडत होते दुसरेच. मास्तर आयुष्यभर चाल वाजवत आलेले. त्यांना मोठ्या बाजावरही चाल वाजवायची होती. मी एक सूर धरला की ते त्याच्याभोवती सहा फिरवत. ऐकायला ते म्हशीच्या अंगावर जरीचे लुगडे घातल्यासारखे वाटे.

"मास्तर, दोनच सूर," मी म्हणालो. "एक वरचा पाय, एक खालचा पाय."

"दोन सुरांत वाजवायचं काय?"

"वाजवायचं नाही. दुसऱ्यांना वाजवू द्यायचं."

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी त्यांना पलटणीतून काढून टाकले आहे. एक दिवस जानू ढोल घेऊन काठावर आला, थोडा वेळ आमच्याबरोबर वाजवला आणि थांबला.

"मास्तर, तुमी गाना म्हणताव. मग मी पाय कुठं टाकू?"

"टाक कुठंही."

"कुठंही टाकला तर नदीत जाईन."

मास्तर हसले नाहीत, पण त्या दिवसानंतर सूर कमी होत गेले. सूर किंचित आधी फुंकायची सवय मात्र त्यांना माझ्यापेक्षा फार लवकर लागली. लग्नाच्या आदल्या आठवड्यात ते दोनच सूर वाजवत होते, आणि मला थोडे अवघड वाटू लागले होते, कारण ते दोन सूर माझ्यापेक्षा बरे वाजत होते.

लग्न खोपोलीला होते. वऱ्हाड शिळफाट्यावर उतरलेले; तिथून मुलीच्या मांडवापर्यंत घोड्यावरून मिरवणूक आणि गोरज मुहूर्त. आम्ही बैलगाडीत पेंढ्यावर बाजे ठेवून दुपारी पोचलो. रावसाहेबांनी रचना स्वतः केली. सर्वांत पुढे दोन मोठे बाजे, म्हणजे मास्तर आणि मी. मग मोकळी जागा, बाजे उठून दिसावेत म्हणून. मग घोडा, घोड्यावर नवरदेव, बाजूला छत्री धरणारा आणि चवरी ढाळणारा. मग रावसाहेबांचे आप्त, मग आप्तांचे आप्त. मग बाकीचा बँड. पुढच्या वळणावर फोटोग्राफर काळ्या फडक्यात डोके घालून उभा होता.

मास्तर लाल कोटाची सगळी बटणे लावून उभे राहिले. त्यांची मान वर होती. कितीतरी दिवसांनी मी ती तशी पाहिली. अशा वेळी पुढे काय होईल याचा विचार करण्याची इच्छा मला झाली नाही.

मिरवणूक निघाली. आम्ही दोघे पुढून आमचे दोन सूर टाकत निघालो. मागून बाबूने चाल उचलली. पहिली काही पावले ठीक गेली. मग काय झाले ते सांगतो. आमचा सूर घोडा, छत्री आणि तीन पिढ्यांचे आप्त ओलांडून बाबूपर्यंत पोचेपर्यंत शिळा होत होता, आणि नळवाला किंचित आधी फुंकतो ही आमची सगळी विद्या त्या गर्दीत वाया जात होती. आमच्या सुरावाचून चाचपडणारा जानूचा ढोल आप्तांच्या आप्तांनी गिळला. पायाखाली काही नसले की कॉर्नेट पळते. बाबू पळू लागला. क्लॅरिनेट त्याच्या मागे पळाली. मधल्या सुरांची मंडळी कोणाच्या मागे जावे हे न कळून आपापल्या घरी गेल्यासारखी वाजू लागली.

रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या दोघांचे बोलणे मला ऐकू आले.

"दोन लग्नं हायत का रं?"

"हायत. घोडा येकच मिळालाय."

त्या घोड्याला पुढून एक ठेका आणि मागून दुसरा असे दोन हुकूम मिळत होते. त्याने काही वेळ दोन्हींचा मान राखला आणि मग रस्त्यात आडवा उभा राहिला. मिरवणूक थांबली. मुलीकडचा माणूस धावत आला, गुरुजी मुहूर्ताचे विचारताहेत म्हणून सांगून गेला. दुसरा माणूस धावत आला. घोड्याला ओढले, चुचकारले, गूळ दाखवला. मागे बाबू अजून वाजवतच होता. मिरवणूक थांबली आहे हे त्याला कळायचे होते.

मास्तरांनी बाजा तोंडापासून काढला. ते ऐकत होते.

"बाबू पळतोय," ते म्हणाले.

"हो."

"धापा टाकतोय. आता पडंल तो. चाल सोडंल नि मग सगळी हसतील."

"रावसाहेबांना सांगू या का..."

पण मास्तर वळले होते. बाजा खांद्यावर घट्ट धरून ते उलटे निघाले. फोटोग्राफरने फडक्यातून डोके काढले. रावसाहेब आडवे आले.

"मास्तर, कुठे? फोटो व्हायचाय. जागा सोडू नका."

"जागेवरच चाललोय, रावसाहेब," मास्तर म्हणाले.

घोड्याला वळसा घालून, छत्रीखालून वाकून, आप्तांना "जरा सरका, जरा सरका" करत ते मागे गेले. लाल कोट गर्दीत दिसेनासा झाला. पितळेचे रुंद तोंड तेवढे लोकांच्या डोक्यांवरून हलत जाताना दिसत होते. मीही वळलो, पण रावसाहेबांनी माझा कोट धरला.

"तुम्ही तरी थांबा. एक तरी पुढे पाहिजे."

मी थांबलो. मागे मास्तर आणि पुढे मी, असे दोन ठिकाणांहून दोन बाजे वाजले तर घोड्याचे काय होईल याचा मी विचार केला. म्हणून बाजा तोंडाला लावला, गाल फुगवले, बोटे दट्ट्यांवर ठेवली आणि एकही सूर काढला नाही. रावसाहेब म्हणाले, "शाबास." फोटोग्राफरने तेवढ्यात फोटो घेतला. तो फोटो चौकटीत बसवून त्यांच्या दिवाणखान्यात लावलेला आहे, आणि बँड कसा असावा हे सांगताना ते पाहुण्यांना माझ्याकडे बोट करून दाखवतात असे मी ऐकतो.

मागे बाबूची कॉर्नेट एकदम थांबली. क्षणभर काहीच नव्हते. मग मास्तरांचे दोन सूर आले. कसलीही घाई नाही. एक, आणि मग दुसरा. पुन्हा एक, पुन्हा दुसरा. त्यांच्यावर जानूचा ढोल बसला. मग कोणी तरी मधला सूर भरला. आणि मग बाबूने चाल परत उचलली, पण या वेळी तो पळत नव्हता, चालत होता. घोड्याने कान हलवले आणि सरळ झाला.

मी पुढे चालू लागलो. इतकी वर्षे हा बाजा मी मांडीवर, खांद्यावर, पोटावर घेऊन फिरलो होतो. तो माझ्या छातीत घुमत असे, कानांत घोगरा लागे, पण बाहेर गेल्यावर त्याचे काय होते हे मला कधीच कळले नव्हते, कारण मी त्याच्या पुढे कधी चाललोच नव्हतो. तो आवाज कानाला लागतच नाही. रस्ता थोडा वर उचलला जातो, पायाला भेटतो आणि पुन्हा खाली जातो. पाय टाकावा लागत नाही. शिळफाट्यापासून मांडवापर्यंत मी असा चालत गेलो, मुका बाजा घेऊन, आणि मला एकदाही पुस्तकाची आठवण झाली नाही. मुहूर्त सांभाळला गेला.

पंगतीत मास्तर माझ्याशेजारी बसले. त्यांनी पुरी बाजूला सारून खिरीची वाटी पुढे घेतली. कोटाची वरची बटणे काढली होती. जानू पलीकडे जेवत होता आणि मधूनमधून मास्तरांकडे बघून मान हलवत होता.

"मास्तर," मी म्हणालो, "आज पहिल्यांदा ऐकला."

"काय?"

"मोठा बाजा. पुढून."

"मग?"

"पायांत येतो."

"येतोच," मास्तर म्हणाले. "इतकी वर्सं पुढं चालत होतो तो कशावर?"

त्यांनी खिरीचा घोट घेतला. वाढपी येऊन गेला.

"म्हणून तर हात लावत नव्हतो त्याला," ते हळूच म्हणाले. "भ्या वाटायचं."

"तुम्हांला?"

"मग? कॉर्नेट चुकली तर चार लोक हसतात. ह्यो चुकला तर घोडा थांबतो. बघितलंस ना."

"आज चुकला का कुठे?"

"येकदा. वळणावर."

"मला नाही कळलं."

"तुला कसं कळंल?" मास्तर म्हणाले. "तू फोटो काढून घेत होतास."